किमान वेतन वाढलं की नेमकं कुणाचं काय वाढतं? (सोलापूरपुरतं बोलू)

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०:१२

जानेवारी आणि जुलै हे आमच्या टेबलावरचे दोन सण. महागाई निर्देशांकाला बांधलेल्या विशेष भत्त्याचा नवा आकडा येतो आणि तीसेक पगारपत्रकांतला एक रकाना बदलायचा असतो. मूळ दराची फेरतपासणी पाच वर्षांत एकदा तरी व्हावी असं १९४८ चा किमान वेतन कायदा सांगायचा, ती लांबते. भत्ता मात्र वर्षातून दोनदा हलतो.

मी अशोक चौकाजवळ एका सल्लागाराकडे बसतो. टॉवेलचे कारखाने, गणवेश शिवणारे, दोन हॉटेलं, नवी पेठेतली कापडदुकानं असे आमचे पक्षकार. परवा त्यातले एक टॉवेलवाले अण्णा चहा पिता पिता म्हणाले, "हे वाढलं की कुणाला लागू होतं हो?" मी म्हटलं, सगळ्यांना. ते म्हणाले, "माझ्याकडं बावीस माणसं आहेत. तुमच्या कागदावर नऊ." आणि शांतपणे बिस्कीट बुडवलं.

नऊच का, ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. दहावा आला की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), विसावा आला की पीएफ.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. ज्यांची नावं कागदावर आहेत त्यांचं काय होतं ते आधी मांडतो. समजा एका पुरुष कामगाराचा पगार १०,००० होता आणि किमान वेतन वाढल्यामुळे तो १२,००० झाला. मालकाचे वाढतात २,०००, त्यावर पीएफ आणि त्याचे चिल्लर आकार धरून १३ टक्के म्हणजे २६०, ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ६५, बोनस ८.३३ टक्के म्हणजे १६७, ग्रॅच्युइटीची तरतूद ९६. एकूण २,५८८. कामगाराच्या हातात? २,००० मधून पीएफ २४०, ईएसआय १५, आणि दहा हजारांची रेषा ओलांडल्यामुळे व्यवसाय कर १७५ चा २०० झाला, ते २५. उरले १,७२०. मधला पैसा बुडाला असं नाही, पीएफ त्याचाच आहे. पण दोघंही महिनाअखेरीला माझ्याकडेच बघतात.

बोनसबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१५ च्या दुरुस्तीपासून बोनस ७,००० वर किंवा किमान वेतनावर, जे जास्त असेल त्यावर काढायचा. म्हणजे जुलैतली वाढ दिवाळीतही भेटते.

आता या हिशोबात जे बसत नाहीत त्यांच्याबद्दल तुम्ही लिहा.

---

अर्थविचारी | सोमवार, रात्री १०:५८

मूळचा भवानी पेठेतला, सध्या पुण्यात. साधी गोष्ट आहे. कुठल्याही वस्तूची किंमत बाजारापेक्षा वर बांधली की तिची मागणी घटते. श्रमही त्यातच आले. ज्याच्या कामाचं मोल मालकाला दिवसाला ३५० वाटतं, त्याला ४५० द्यायला लावलं तर तो त्याला ठेवणार नाही. फायदा आधीच नोकरीत असलेल्यांना, तोटा दारात उभ्या असलेल्यांना. आणि तसंही दहापेक्षा कमी माणसं असली तर किमान वेतन लागतच नाही, त्यामुळे सोलापुरात हा विषय फार थोड्यांचा आहे.

---

चिमणी_जुन्या_मिलची | सोमवार, रात्री ११:२०

अर्थविचारी, शेवटचं वाक्य साफ चुकीचं. दहाचा आकडा दुकाने अधिनियमाच्या नोंदणीला होता, महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यापासून २०२५ पर्यंत. किमान वेतनाला माणसांची अशी अट नाही. एक पोऱ्या ठेवला तरी लागतं. हा गैरसमज नवी पेठेत इतका पक्का आहे की नोकर मंडळीही तोच सांगतात.

बाकी मागणी-पुरवठ्याचं म्हणाल तर न्यू जर्सीचा अभ्यास वाचा. १९९२ साली तिथे किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरचं ५.०५ झालं. शेजारच्या पेनसिल्वेनियात तेच राहिलं. कार्ड आणि क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्टफूड हॉटेलं तपासली. नोकऱ्या कमी झाल्याचं दिसलं नाही. १९९४ ला तो निबंध आला, त्यावर बरीच वर्षं भांडणं झाली, आणि २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळालं.

---

बे_सोलापूर | सोमवार, रात्री ११:३१

न्यू जर्सी कुठं, सात रस्ता कुठं बे. पार्कावर भेळ खाऊन या आधी.

---

मागवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

रात्रपाळी बघून आलो, आता लिहितो. माझे आठ माग, टेरी टॉवेल. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा हातात आलं त्यात जुने चार माग घेतले. तेव्हा मला मालक म्हणताना जरा दमानं. माझ्या कारखान्यात रात्री बॉबिन अडकलं तर तो मालकच काढतो.

अर्थविचारींना वाटतं तसा माग चालवणारा किमान वेतनावर नसतो. नगावर असतो. दोन माग धरणारा चांगला हात आज मिळतच नाही. पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. जो आहे त्याला टिकवायला मी वर उचल देतो. सणाला, लग्नाला, पोराच्या फीला. त्याचा दर मी नाही ठरवत, शेजारचा कारखानदार काय देतो त्यावर ठरतो. सरकारचा आकडा त्याच्या खालीच राहतो बहुतेक.

लागतो कुणाला सांगू? कांडी भरणाऱ्या बाईला. एकाच छपराखाली, त्याच आवाजात, तोच कापूस नाकातोंडात. कांड्या भरायच्या, टॉवेल कापायचे, कडा शिवायच्या, घड्या घालायच्या. ते 'हलकं काम'. ते पगारपत्रकात नसतं, असलं तर 'मदतनीस'. वाढ झाली की पहिली बोंब त्यांच्यावरून होते, कारण माग चालवणाऱ्याला मी आधीच देतोय.

आता माझी बाजू. सूत रोखीत. वीज महिन्याला. व्यापारी टॉवेल घेतो आणि पैसे नव्वद दिवसांनी देतो. छोट्या कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा नियम आहे म्हणे, तोही किमान वेतनासारखाच आहे. २०२१-२२ ला सूत चढलं तेव्हा टॉवेलचा भाव वाढवा म्हटलं तर व्यापारी म्हणाला पानिपतहून आणतो. चादरीचं तर तेच झालं. नाव सोलापुरी, भौगोलिक मानांकन सोलापूरला, आणि गाठोडं उघडलं तर माल पानिपतचा. तिकडचं किमान वेतन हरियाणा ठरवतं, इकडचं महाराष्ट्र. मी माझ्या माणसाला जास्त द्यावं हे मला पटतं. ते पैसे माझ्या खिशातून जाणार की टॉवेल पुसणाऱ्याच्या, एवढंच विचारतो.

---

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ९:४८

मागवाला, सगळ्या देशाला एक तळरेषा असावी ही मागणी याच कारणाने जुनी आहे. केंद्राने २०१९ साली ती दिवसाला १७८ रुपये धरली होती, आणि पाळायची सक्तीही नव्हती. केंद्रानेच नेमलेल्या सत्पथी समितीने त्याच वर्षी ३७५ सुचवले होते. आता १९४८ च्या कायद्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेत तळाच्या वेतनाला कायद्याचा आधार आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाल्याचं केंद्राने जाहीर केलं. राज्याला त्याखाली जाता येणार नाही. पण तळ किती खोल खणतात त्यावर सगळं. रोजगार हमीचा दरच महाराष्ट्रात २०२५-२६ ला ३१२ होता.

अण्णांना आज विचारलं, तुमच्या उरलेल्या तेरांत बायका किती. अकरा.

---

चिमणी_जुन्या_मिलची | मंगळवार, दुपारी १:१५

एक गंमत सांगतो. किमान वेतन कसं काढायचं याचं सूत्र १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं. एका कमावत्यामागे तीन खाणारी एककं, माणशी २,७०० उष्मांक, घरभाडं वेगळं, इंधन-दिवाबत्ती वगैरेला २० टक्के, आणि कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांचे २५ टक्के धरायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९० च्या दशकातला निकाल यावा लागला. ७२ वार! आमच्या गिरणगावात कापड विणणाऱ्यांच्या घरात ते मोजायला कुणी आलं होतं का, आजोबांना विचारायचं राहून गेलं.

आणि १९८२ चा एशियाडच्या बांधकाम मजुरांचा निकाल. किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ मधली वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. माणूस राजीखुशीने आला तरी. कारण भूक हीसुद्धा जबरदस्तीच आहे असा तो विचार.

---

खात्यावर_पगार | मंगळवार, रात्री ९:०२

वाचत होतो, आता लिहितो. एका कंत्राटदाराकडे साफसफाईच्या माणसांचा मुकादम होतो. कुठे ते नाही सांगत.

निविदेत किमान वेतन लिहिलेलं. बिल त्याच दराने निघतं. माणसाच्या बँक खात्यावर पूर्ण पगार पडतो, पासबुक बघा, एक रुपया कमी नाही. सात तारखेला पगार, आठ तारखेला मी एटीएमबाहेर उभा. ठरलेली रक्कम रोख परत. कुणी द्यायला कुरकुर केली की पुढच्या महिन्यात त्याची हजेरी कमी. जुलैत भत्ता वाढला तेव्हा परत घ्यायची रक्कम तेवढीच वाढली. माझं तोंड तेव्हा बंद होतं, कारण माझाही पगार तिथूनच.

मग सांगा, त्या वाढीचा परिणाम कुणावर झाला?

---

बे_सोलापूर | मंगळवार, रात्री ९:१०

एटीएमवर झाला. जास्त नोटा मोजाव्या लागल्या त्याला.

(भाऊ, लिहिलास ते बरं केलास. आता ते काम सोडलास ना?)

---

खात्यावर_पगार | मंगळवार, रात्री ९:१४

सोडलं. रिक्षा आहे आता.

---

कडक_भाकरी | बुधवार, दुपारी ३:४०

माझा छोटा भाकरीचा व्यवसाय आहे. सहा जणी येतात. भाकरीमागे पैसे देते. मागवालादादांचं वाचून वाटलं, आपण पण कारखानदारच की. मालक म्हणून स्वतःकडे कधी बघितलंच नव्हतं. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना मावशी म्हणते, दुपारी एकत्र जेवतो. शेंगाचटणी माझी, कालवण त्यांचं.

काल रात्री बसून मोजलं. आठ तासांत एक बाई किती भाकऱ्या थापते, त्याला माझा दर गुणला. लाज वाटली, आकडा नाही लिहीत. ज्वारी महाग झाली तेव्हा मी भाकरीचा भाव वाढवला, गिऱ्हाईक कुरकुरलं आणि घेतलं. मग मजुरी वाढवायची वेळ आली की गिऱ्हाईक पळेल असं मलाच का वाटतं? यावर धागाकर्त्यांचं काय मत? आणि घरगुती कामाला, म्हणजे अशा सहा जणींना, हे सगळं लागू होतं का?

---

हिशेबनीस | बुधवार, संध्याकाळी ६:२०

ताई, जुन्या कायद्यात उद्योगांची यादी असायची, यादीत असाल तर लागू. नव्या संहितेत सगळेच. नगावर काम असलं तरी कामाच्या पूर्ण दिवसाला किमान दराइतकं पडलं पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे आहे. म्हणून तुम्ही केला तोच हिशोब बरोबर: आठ तासांत सर्वसाधारण हाताने किती होतात ते पहिलं ठरवायचं, मग दर. उलट करतात लोक. दर आधी ठरतो आणि मग 'एवढ्या तर व्हायलाच पाहिजेत' असं म्हणतात.

---

विडीवालीची_लेक | बुधवार, रात्री ११:३५

नगाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. अम्मा विडी वळते. चाळीस वर्षं. आम्ही आधी विडी घरकुलला होतो, मग कुंभारीला. मी नर्स आहे, पुण्यात, सुट्टीला आलेय.

तंबाखू-विडी हा उद्योग १९४८ च्या कायद्याच्या पहिल्याच यादीत होता. म्हणजे ज्यांच्यासाठी तो कायदा झाला त्यांच्यात आमच्या आज्ज्या होत्या. दर हजार विड्यांवर ठरतो. आता हजार म्हणजे काय ते बघा.

कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा मिळतो. पान रात्री भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायचं. पहाटे पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायचं. मग सूप मांडीवर. पान, चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा, तोंड मिटव. पंचवीसची जुडी, अशा चाळीस जुड्या झाल्या की हजार. अम्मा एकटी असली तर दिवस मोडून सातशेच्या घरात. मी आणि बहीण शाळेतून येऊन विड्यांची तोंडं मिटवायला बसायचो तेव्हा हजार व्हायचे. सरकारी दरातला 'एक दिवस' आमच्या घरात दोन पोरी धरून होता.

दर वाढल्याची बातमी पेपरात येते. त्यानंतर काय होतं ते कुणी छापत नाही. सोप्या आकड्यांत सांगते, हे खरे दर नाहीत, हिशोबासाठी घेतलेत. समजा हजाराला २०० होते. तपासणारा वीस विड्या छाटायचा, त्याचे ४ गेले. पान थोडं कमी पडायचं, बाजारातून ५ चं आणायचं. हातात १९१. आता दर झाला २२०. तपासणाऱ्याचा हात अचानक कडक होतो, पन्नास छाटल्या, ११ गेले. पान फाटकं, काळं, कमी. १५ चं विकत आणलं. हातात १९४. वीस रुपयांची वाढ घरी येईपर्यंत तीन रुपये झाली. छाटलेल्या विड्या परत देत नाहीत, तिथेच ठेवून घेतात. त्यांचं पुढे काय होतं ते अम्मा हसून सांगते, मी लिहीत नाही.

आणि आठवड्याला सहा दिवस माल मिळायचा तो चार दिवस. १९१ सहा वेळा म्हणजे १,१४६. १९४ चार वेळा म्हणजे ७७६.

---

अर्थविचारी | गुरुवार, सकाळी ८:२२

विडीवालीची_लेक, मनापासून लिहिलंत. पण तुमचाच शेवटचा हिशोब माझ्या बाजूने जातो. दर वाढला, काम सहा दिवसांवरून चारवर आलं. मी पहिल्या प्रतिसादात हेच म्हणत होतो.

---

विडीवालीची_लेक | गुरुवार, सकाळी ८:५०

ते तुम्ही म्हणणार हे माहीत होतं. रात्री अम्माची जुनी पासबुकं काढून बसले होते. दर वाढला नाही त्या वर्षांतही चारच दिवस आहेत. एका वर्षी तीन. विडी ओढणारेच कमी झाले, २०१७ ला २८ टक्के जीएसटी लागला, पाकिटावर चित्र आलं. नर्स म्हणून मला विडी कमी खपली तर आनंदच आहे, आणि मुलगी म्हणून त्याच विडीवर मी शिकले. पण काम घटायची कारणं दुसरी असताना प्रत्येक वेळी दराकडे बोट दाखवलं जातं. "दर वाढवलात तर बंगालमधून वळून आणू" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. मुर्शिदाबाद कुठे आहे हे मला भूगोलात नाही, त्या वाक्यात कळलं.

---

मागवाला | गुरुवार, दुपारी १२:३०

अर्थविचारी पूर्ण चुकीचे नाहीत, हेही लिहितो. माझ्या गल्लीत तिघांनी हाताचं पॅकिंग बंद करून मशीन घेतलं. पण तेव्हा वाढ काही झाली नव्हती, मशीनला अनुदान आलं होतं. माणूस जातो तो पगारामुळे गेला की अनुदानामुळे, हे कागदावर कळत नाही.

---

अर्थविचारी | गुरुवार, दुपारी २:०५

मान्य. माझी मांडणी एक दर, एक तास, एक मालक धरून होती. तुमच्याकडे तासच मोजत नाहीत. मग न्यू जर्सीही इथे लावता येत नाही, चिमणी. तिथे घड्याळावर काम होतं.

---

चिमणी_जुन्या_मिलची | गुरुवार, दुपारी २:३०

हे मान्य. मात्र त्यातला एक धागा इथेही लागतो. काम देणारे मोजके आणि मागणाऱ्या हजारो, चालत जाता येईल तेवढ्या अंतरात, पोरं-स्वयंपाक सांभाळून. अशा बाईला दुसरीकडे जायची सोय नसते, म्हणून दर बाजाराने ठरलेला नसतो, देणाऱ्याने ठरवलेला असतो. तिथे सरकारी दर वाढला तर काम घटलंच पाहिजे असं नाही, देणाऱ्याचा वाटा घटतो. मागवाल्यांनीच सांगितलं की हात मिळत नाही म्हणून माग चालवणाऱ्याला किमानापेक्षा जास्त द्यावं लागतं. कांडीवाली कुठे जाणार?

अवांतर: कालच्या चर्चेनंतर बायकोने आमच्या धुणंभांडीवाल्या मावशींचा पगार विचारला. विषय बदलला मी.

---

बे_सोलापूर | गुरुवार, दुपारी २:४१

चिमणीने धूर काढला, विषय बदलला.

---

शिवणयंत्र | गुरुवार, रात्री ८:१५

गणवेशाच्या कारखान्यात कापणी मास्तर आहे. एक बाजू कुणी लिहिली नाही. मला पंधरा हजार, नव्या मदतनीसाला दहा. त्याचा झाला बारा. मला कायद्याने काहीच नाही, मी आधीच वर आहे. पण अकरा वर्षांच्या कामाचं अंतर पाच हजारांचं तीन हजार झालं. मालकाकडे गेलो, घासाघीस करून ८०० वाढवून घेतले. माझ्यामुळे दोघा शिलाईवाल्यांनाही थोडे वाढले. म्हणजे वाढ वरही सरकते, पण मागणाऱ्यांपर्यंतच.

दुसरं, ईएसआयची २१,००० ची मर्यादा. माझ्या मोठ्या भावाचा पगार ओव्हरटाइम सोडून त्यावर गेला, तो सहामाही संपल्यावर ईएसआयच्या बाहेर. वाढले बाराशे आणि दवाखान्याचं कार्ड गेलं.

---

हिशेबनीस | गुरुवार, रात्री ९:३०

शिवणयंत्र, हा मुद्दा माझ्या लक्षात असूनही सुटला होता. वेतन वाढतं, मर्यादा जागच्या जागी राहतात. पीएफची १५,००० ची मर्यादा २०१४ पासून तीच आहे. त्याच वर्षी किमान पेन्शन १,००० केली, ती अजून हजारच. विडीवालीची_लेक, अम्मांना पीएफ असेल तर पेन्शन याच योजनेतून मिळेल.

---

विडीवालीची_लेक | गुरुवार, रात्री १०:०५

शेजारच्या अक्कांना मिळते, हजाराच्या वर काही शे. त्यांनी रे नगरात घर घेतलंय. १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या द्यायला पंतप्रधान आले होते, त्यात त्या होत्या. आमचं कुंभारीचं गोदूताई परुळेकर वसाहतीतलं, दहा हजार घरांतलं, ते २००६ चं. दोन्ही वेळा पंतप्रधान आले, मनमोहन सिंग तेव्हा आणि मोदी आता. घर मिळालं हे फार मोठं आहे, भाड्याच्या खोलीत पान भिजवलं की ओल कुठे जाते हे राहिल्याशिवाय कळत नाही. पण अक्कांचा हप्ता हजार विड्यांत मोजला जातो. त्यांना किमान वेतन काय झालं हे विचारलं तर म्हणतात, हप्ता किती हजारांत बसतो ते सांग.

उद्या अम्माबरोबर कारखान्यात जाणार आहे.

---

विडीवालीची_लेक | शुक्रवार, रात्री ९:५०

गेले होते. सव्वादहाला रांगेत, एकला बाहेर. बाहेरच्या कट्ट्यावर साठ-सत्तर बायका, सगळ्यांच्या टोपल्यांवर ओलं फडकं. तपासणाऱ्याने अम्माच्या जुड्यांतून मूठ उचलली, दोन दाबून बघितल्या आणि न मोजता बाजूला टाकल्या. मी मोजायला वाकले तर म्हणाला, "ताई तुम्ही कोण?" अम्मा म्हणाली, "लेक आहे, पुण्याला असते." तो म्हणाला, "बरं बरं," आणि त्यातल्या निम्म्या परत जुड्यांत ठेवल्या.

घरी येऊन पान वजन केलं, स्वयंपाकाच्या काट्यावर. पासबुकात लिहिलेलं सहाशे ग्रॅम. भरलं पाचशे पंचेचाळीस. अम्मा म्हणाली ओलं असताना देतात, वाळलं की कमी होणारच, तू उगाच काटा मांडू नको.

---

कडक_भाकरी | शुक्रवार, रात्री १०:१५

माझ्याकडच्या सहा जणींना आजपासून भाकरीमागे वाढवून दिले. पूर्ण किमानाला अजून पोचत नाही. भाव एक रुपयाने वाढवला. सकाळी दोन गिऱ्हाईकं बोलली, संध्याकाळी तीच आली.

---

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री १०:४०

विडीवालीची_लेक, पासबुकाच्या पानांचे फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे. दिलेलं पान, घेतलेल्या विड्या आणि मिळालेले पैसे असे तीन रकाने वहीत रोज लिहायला सांगा, छाटलेल्या विड्यांचा चौथा. जुन्या कायद्यात कमी वेतनाच्या तक्रारीला सहाच महिने होते, नव्या संहितेत तीन वर्षं आहेत. म्हणून जुनी पासबुकं रद्दीत घालू नका. पान घेतानाच, तिथल्या तिथे वजन करून मागायचं. एकटीने नाही, दहा जणींनी मिळून.

अण्णांचा फोन आला होता. तेरांपैकी चौघींची नावं चढवायची म्हणाले. नऊ आणि चार तेरा, म्हणजे ईएसआय लागणार, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. म्हणाले माहीत आहे, त्यातल्या एकीला मागच्या महिन्यात दवाखान्यात न्यावं लागलं, बिल मीच भरलं.

---

विडीवालीची_लेक | शुक्रवार, रात्री ११:०२

वही आणली. अम्माला लिहिता येत नाही, बहिणीची मुलगी सहावीत आहे, ती लिहील म्हणाली. पहिल्या पानावर तिने वरती 'छाटलेल्या' असं लिहून खाली रेघा मारल्यात.